लक्षात ठेवणारं लोखंड, विसरणारं लोखंड

वैशाखातली दुपार. अशा उन्हात सोलापुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अंगणातल्या लिंबाखाली, शहाबादी फरशीवर, माझा थोरला नातू जुन्या रेडिओचा स्पीकर खोलून बसला होता आणि धाकटी नात त्याच्यासमोर उकिडवी बसून स्क्रू सांभाळत होती. स्पीकरच्या पाठीला जाड काळी चकती असते ना, मधे भोक असलेली, ती त्याला हवी होती. लोखंडी पट्ट्यांतून ती त्याने नीट सोडवली आणि ऐन वेळी हातातून सुटली. चकती फरशीवर आपटली. दोन तुकडे.

"आबा, चुंबक फुटलं!"

"लोखंड कधी फुटतं का रे?" धाकटी म्हणाली.

"ही चकती लोखंडाच्या पत्र्याची नाही गं," मी बाजेवरून उठत म्हणालो. "ही पणतीसारखी भाजलेली आहे. लोखंडाच्या गंजासारखी तांबडी भुकटी घेतात, तिच्यात स्ट्रॉन्शियमचं नाहीतर बेरियमचं क्षारचूर्ण मिसळतात, साच्यात दाबतात आणि भट्टीत भाजतात. त्याला फेराइट म्हणतात. मग ती कौलासारखीच फुटायची."

थोरल्याने फेव्हिकॉल आणला, आणि खरी गोष्ट इथून सुरू झाली. तुटीला तूट लावून तो तुकडे जुळवायला गेला, तर ते जुळेनात. जवळ आले की बोटांतून निसटून बाजूला वळत. धाकटीने एक तुकडा त्याच्या हातातून घेतला, पालथा केला आणि पुन्हा जवळ नेला. खट्! असे बसले, की सोडवायला नखं लावावी लागली. पण आता चकती चुकीची झाली होती, एका अर्ध्याची पाठ वर आणि दुसऱ्याचं पोट वर.

"काय बे हे," थोरला वैतागला. "आत्तापर्यंत एकत्रच होते की."

मुलांनो, माझी चौतीस वर्षं गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात गेली. मोटारी, स्टार्टर, कॉइल, जळलेलं वाइंडिंग यांत हात काळे केले. तरी सांगतो, चुंबकाचं सगळं मर्म या फुटक्या चकतीत आहे. तुम्हीही बसा.

या चकतीच्या वरच्या सपाट अंगाला उत्तर ध्रुव आहे असं धरा आणि खालच्या अंगाला दक्षिण. चकती मोडली तरी दोन्ही तुकड्यांचं वरचं अंग उत्तरच राहिलं. तुटीला तूट लावली की उत्तरेच्या शेजारी उत्तर येते, दक्षिणेच्या शेजारी दक्षिण, आणि सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात. चकती अख्खी होती तेव्हाही हे ढकलणं आत चालूच होतं. भाजलेल्या पदार्थाचा घट्टपणा त्याला धरून होता, एवढंच. फुटली आणि आतला ताण बाहेर आला.

"मग एका तुकड्यात उत्तर आणि दुसऱ्यात दक्षिण असं का नाही झालं?"

तसं कधीच होत नाही. चुंबकाचे दोन करा, दोनशे करा, पीठ करा, प्रत्येक कणाला दोन्ही ध्रुव असतात. फोडत फोडत पार इलेक्ट्रॉनपर्यंत गेलात तरी तोही एक चिमुकलं चुंबकच असतो, उत्तर-दक्षिण जोडीसकट. लोखंडाच्या अणूत 26 इलेक्ट्रॉन असतात. त्यांतले बहुतेक जोडीजोडीने राहतात, एकाचं तोंड वर तर दुसऱ्याचं खाली, म्हणजे दोघांचं चुंबकत्व आपसातच फिटलं. पण सुट्या अणूत चार इलेक्ट्रॉन एकटे उरतात आणि ते चौघं एकाच दिशेला तोंड करून असतात. म्हणून लोखंडाचा प्रत्येक अणू चुंबक आहे. खिळ्यातला, विळीतला, रेल्वेच्या रुळातला, प्रत्येक.

थोरल्याने खिशातून दोन खिळे काढले, एकमेकांना टेकवले आणि माझ्याकडे पाहिलं. "मग हा त्याला ओढत का नाही?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नाशी अडले होते.

लोखंडाच्या आत दोन ओढी असतात. पहिली अगदी लगतच्या शेजाऱ्यापुरती. लोखंडाचा अणू आपल्या शेजारच्या अणूला आपल्याच दिशेला तोंड करायला लावतो. ही ओढ फार जबरदस्त, पण हात तोकडा, शेजारच्या घरापलीकडे पोचत नाही. ती येते कुठून, हे हायझेनबर्ग यांनी 1928 मध्ये पुंजभौतिकीतून सांगितलं. दुसरी ओढ म्हणजे आत्ता तुमच्या बोटांना जाणवलेली: शेजारी शेजारी एकाच दिशेला उभी असलेली चुंबकं एकमेकांना ढकलतात आणि संधी मिळाली की एक उलटं होतं. ही ओढ दुबळी, पण लांबपर्यंत पोचते. आता अणू एकामागून एक एका दिशेला लागत गेले की गर्दी वाढते आणि हे ढकलणंही वाढत जातं. शेवटी एक वेळ अशी येते की पुढचा घोळका उलटा उभा राहतो.

आपल्या गावाचं बघा. साखर पेठ, शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ. समजा, एका पेठेतल्या सगळ्या घरांची दारं पूर्वेला, दुसरीतल्या सगळ्यांची पश्चिमेला, तिसरीतल्यांची उत्तरेला, चौथीतल्यांची दक्षिणेला. पेठेच्या आत एकमत, पण सगळ्या गावाचा हिशोब केला तर कुठलीच एक दिशा उरत नाही. लोखंड आतून असंच पेठा-पेठांचं असतं. प्रत्येक पेठेत कोट्यवधी अणू, सगळे एका तोंडाने, आणि पेठा एकमेकींना फिटवून टाकतात. म्हणून खिळा चुंबकांनी ठासून भरलेला असूनही बाहेरून निर्विकार.

पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे 1907 मध्ये निव्वळ तर्काने मांडलं. 1919 मध्ये बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती तारेचं वेटोळं घालून ते ध्वनिवर्धकाला जोडलं आणि चुंबक हळूहळू जवळ नेलं, तर खरखर ऐकू आली. एकेक पेठ झटक्याने दिशा बदलत होती, तिचा तो आवाज. आणि 1931 मध्ये फ्रान्सिस बिटर यांनी लोखंडाच्या गुळगुळीत पृष्ठावर अतिबारीक चुंबकी भुकटी पसरली, तेव्हा पेठांच्या हद्दी रेघांसारख्या दिसल्या. म्हणजे आधी तर्क, मग आवाज, मग चित्र.

"आणि चुंबक जवळ आलं की?"

की संक्रांतीची यात्रा. बाळीवेशीतून सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघाले की गावातल्या कुठल्याही पेठेतला माणूस त्यांच्याच दिशेला तोंड करतो. तसंच चुंबक जवळ आलं की ज्या पेठा आधीच त्या दिशेच्या असतात त्या वाढू लागतात. त्यांची हद्द सरकते आणि शेजारच्या पेठेतले अणू एकेक करून यांच्यात सामील होतात. सगळा खिळा एका दिशेला लागतो आणि स्वतः चुंबक होतो. म्हणून चुंबकाला चिकटलेला खिळा पुढच्या खिळ्याला उचलतो.

मग यात्रा सरते. चांगल्या मऊ लोखंडात हद्दी मागे सरकतात, पेठा जिथल्या तिथे येतात, सगळं विसरलं जातं. पण पोलादात कार्बनचे कण असतात, इतर भेसळ असते. सरकणारी हद्द त्या अडथळ्यांत अडकते, गल्लीच्या तोंडाशी आडवी बैलगाडी लागावी तशी. गर्दीला परतता येत नाही, दिशा तशीच राहते. या फेराइटच्या चकतीत तर कण इतके बारीक आणि इतके हट्टी असतात, की कारखान्यात एकदा जबर चुंबकी क्षेत्रात धरून जी दिशा दिली ती आयुष्यभराची. कायमचं चुंबक म्हणजे दिलेली दिशा न विसरणारा पदार्थ. सगळ्यांत जोरदार कायमचं चुंबक आज निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या मिश्रणाचं. जपानमध्ये सागावा यांनी आणि अमेरिकेत क्रोट यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते स्वतंत्रपणे शोधलं. मोबाइलच्या स्पीकरमध्ये जो चमकता कण असतो, तो तोच.

एवढ्यात पंखा थांबला. लाइट गेली होती. परसातून 'खट्' असा आवाज आला आणि बोअरच्या मोटरीची घरघर बंद पडली.

"हा खट् कुणी केला?" मी विचारलं.

"स्टार्टरने."

"लाइट नाही, तर स्टार्टरने तो कशाच्या जोरावर केला?"

दोघं गप्प. हे तुम्हीही घरी ऐकलं असेल, आणि मोहोळ-पंढरपूरकडच्या शेतकऱ्याच्या पोराने तर रोज. उत्तरासाठी आधी एक विद्युतचुंबक करावा लागतो.

वाइंडिंगवाल्याकडची लाख चढवलेली तांब्याची तार माझ्या डब्यात होतीच. मोठा खिळा घेतला, त्यावर साठेक वेढे एकाच दिशेने घट्ट गुंडाळले, तारेच्या टोकांवरची लाख ब्लेडने खरवडली आणि टोकं दीड व्होल्टच्या मोठ्या सेलला लावली. धाकटीने खिळा टाचण्यांच्या डबीत घातला, तर टाचण्यांचा घोस वर आला. एक टोक सोडलं, बहुतेक टाचण्या गळाल्या, दोन-तीन लोंबत राहिल्या. मग वेटोळ्यातून खिळा काढून घेतला आणि नुसत्या वेटोळ्याने उचलायला लावलं. एक टाचणी जेमतेम हलली.

(हा प्रयोग सेलवरच करायचा आणि तार काही क्षणच लावायची, कारण ती तापते. घरातल्या प्लगला अशी तार लावणं म्हणजे मरण. हे माझ्याकडून लिहून घ्या.)

आता बघा काय झालं. तारेतून वीज वाहिली की तारेभोवती चुंबकत्व उमटतं. 1820 मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेड यांच्या तारेजवळची होकायंत्राची सुई वळली आणि जगाला हे कळलं. तार गुंडाळली की प्रत्येक वेढ्याचं चुंबकत्व एकाच दिशेला साठत जातं. पण तुम्ही आत्ताच पाहिलंत, वेटोळ्याचं स्वतःचं बळ किती थोडं आहे. टाचण्यांचा घोस उचलला तो खिळ्याने. वीज फक्त पेठांना वळायला सांगते. बळ लोखंडाचं, जे त्यात आधीपासून होतंच. तारेच्या क्षेत्राला लोखंड शेकडो पटींनी, चांगलं मऊ असेल तर हजारो पटींनी वाढवतं.

पहिला विद्युतचुंबक इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी केला, 1824-25 च्या सुमारास. लहानपणी ते चांभाराच्या हाताखाली उमेदवारी करत होते, पुढे सैन्यात गेले, आणि वीज स्वतःच्या वाचनाने शिकले. त्यांनी लोखंडाचा नाल घेतला, त्यावर व्हार्निश लावलं आणि उघड्या तारेचे अठरा वेढे घातले. नाल 200 ग्रॅमचा, उचललं सुमारे चार किलो. अठराच वेढे का? तार उघडी होती. वेढ्याला वेढा टेकला तर वीज गोल फिरायचं सोडून जवळच्या वाटेने पळणार. म्हणून वेढे एकमेकांपासून लांब लांब ठेवावे लागले.

ही अडचण ज्या रीतीने सुटली तिचा सोलापूरकराला विशेष जिव्हाळा वाटावा, कारण ती सुताने सुटली. अमेरिकेत आल्बनीच्या शाळेत शिकवणाऱ्या जोसेफ हेन्री यांनी तांब्याच्या तारेला रेशीम गुंडाळलं. बायकोच्या रेशमी परकराच्या चिंध्या फाडून त्यांनी तार मढवली, असं सांगतात. रेशमातून वीज जात नाही. मग वेढ्याला वेढा चिकटवा, थरावर थर चढवा, हरकत नाही. 1831 मध्ये येल महाविद्यालयासाठी त्यांनी केलेला चुंबक 27 किलोचा होता आणि त्याने 936 किलो वजन तोललं. स्टर्जनचे चार किलो आणि हेन्रीचे नऊशे, मधे सहा-सात वर्षं आणि रेशमाचा धागा. आपण रेशमाच्या जागी लाख वापरतो, इतकंच.

आता स्टार्टर. मी मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि मगच झाकण उघडलं. हे काम मोठ्यांचंच. आत इंग्रजी ई अक्षरासारखे लोखंडाचे दोन तुकडे समोरासमोर असतात, मधल्या दांड्यावर कॉइल. हिरवं बटण दाबलं की कॉइलमधून वीज जाते, खालचा ई वरच्या ईला ओढून घेतो, त्याच्याबरोबर तांब्या-चांदीचे संपर्क मिटतात आणि मोटरीला वीज मिळते. ओढलेल्या ईला स्प्रिंग सतत मागे खेचत असते. लाइट गेली की कॉइल मेली, लोखंड विसरलं, स्प्रिंग जिंकली. खट्. त्या आवाजामागे ताकद होती ती दाबलेल्या स्प्रिंगची.

आणि लाइट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, कारण कॉइलची स्वतःची वीजही त्याच मिटलेल्या संपर्कांपैकी एकातून येत असते. तो उघडला की हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत कॉइल उपाशी. हे कशासाठी, ते नीट ऐका. लाइट गेली म्हणून कुणी पट्ट्यात हात घालून बसला असेल आणि यंत्र अचानक फिरू लागलं तर? लोखंडाच्या विसरण्यावर माणसाचा हात शाबूत राहतो.

मी वरचा ई बोटाने दाबून खालच्यावर टेकवला. थोरल्याने वाकून पाहिलं. "आबा, मधले दांडे एकमेकांना टेकतच नाहीत. कागद जाईल एवढी फट आहे."

पोराची नजर चांगली आहे. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. कितीही मऊ लोखंड घेतलं तरी ते थोडं लक्षात ठेवतंच, तुमच्या खिळ्यावर दोन-तीन टाचण्या राहिल्या तशा. दोन्ही ई सगळीकडून घट्ट टेकले तर ती उरलेली आठवणच त्यांना धरून ठेवायला पुरेल. मधे हवेची फट ठेवली की ती मोडते. मी गिरणीत असताना एका स्टार्टरच्या तोंडावर तेल आणि कापसाच्या धुळीचा चिकट थर बसला होता. लाल बटण दाबलं तरी तो सुटला नाही, मोटर चालूच राहिली. एका सहकाऱ्याची बोटं थोडक्यात वाचली. त्या दिवसापासून मी प्रत्येक स्टार्टरची तोंडं कोरड्या फडक्याने पुसत आलो.

त्या तोंडांवर तांब्याची एक छोटी कडी बसवलेली दिसेल. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे 100 वेळा ती शून्यावर येते आणि त्या प्रत्येक क्षणी कॉइलची पकड सुटू पाहते. तांब्याची कडी तोंडाच्या एका भागातलं चुंबकत्व किंचित उशिरा पोचवते. एकाची पकड सुटते तेव्हा दुसऱ्याची टिकून असते. कडी तुटली की स्टार्टर घुरघुरायला लागतो. तो आवाज आला की वायरमनला बोलवायचं, ठोकायचं नाही.

गिरणीत याहून नाजूक विद्युतचुंबक होते. ऑटोमॅटिक मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक हलकी पिन टांगलेली असायची, हजारो धागे, हजारो पिना. धागा ताठ आहे तोवर पिन अधांतरी. धागा तुटला की पिन खाली पडायची, दोन पट्ट्यांना एकदम टेकायची, मंडल पूर्ण व्हायचं, विद्युतचुंबक खटका ओढायचा आणि माग जागच्या जागी थांबायचा. हजारोंतला एक धागा तुटला हे माणसाच्या डोळ्याला दिसायच्या आत. चादरीत लांबलचक चीर न पडता ती निर्दोष उतरायची, त्यामागे हे असायचं. माग चालवणारी मोटरही तशीच. तिच्यात सहसा एकही कायमचं चुंबक नसतं. तीन फेजची वीज तीन वेटोळ्यांत मागेपुढे पोचते आणि त्यांचं चुंबकत्व गोल फिरू लागतं. त्याच्या मागे आतला गाभा धावतो.

तोवर धाकटी अर्धी चकती घेऊन स्वयंपाकघरात शिरली होती. शेंगाचटणीचा डबा चिकटला, तवा चिकटला, पण आजीचं स्टीलचं ताट चिकटेना. "ताटात लोखंड नाही?" आहे की, सत्तर टक्क्यांच्या आसपास. पण निकेल आणि क्रोमियम मिसळल्याने अणूंची रचनाच वेगळी झाली आणि शेजाऱ्याशी एकमत करणारी ती पहिली ओढ तिथे लागू पडत नाही. लोखंड तेच, मांडणी वेगळी. इंडक्शनच्या शेगडीवर कोणतं भांडं चालेल, याची घरगुती परीक्षा हीच.

आजीच्या डब्यातली एक सुई आम्ही घेतली. चकतीच्या तुकड्यावर एकाच दिशेने चाळीस वेळा घासली, थर्माकोलच्या कपच्यावर ठेवून काचेच्या वाटीतल्या पाण्यात सोडली. ती वळून उत्तर-दक्षिण झाली. ढकलली तरी परत तिथेच. मग मी ती सांडशीत धरून गॅसवर लालभडक केली, निववली आणि पुन्हा पाण्यात सोडली. आता ती आळसावलेल्या माणसासारखी कुठेही तोंड करून पडून राहिली. उष्णतेने अणू इतके थरथरतात की शेजाऱ्याशी एकमत टिकत नाही. लोखंडासाठी ही मर्यादा 770 अंश सेल्सियस. पिएर क्यूरी यांनी 1895 मध्ये अशा मर्यादांचा अभ्यास केला, म्हणून तिला क्यूरी तापमान म्हणतात.

"मग निवताना तिला कुणी दिशा दाखवली तर?" थोरल्याने विचारलं.

हा प्रश्न त्याने विचारावा म्हणून मी सगळी दुपार थांबलो होतो. मी त्याला चकतीचा तुकडा दिला आणि अंगणाच्या कडेला, पागोळीखाली पाण्याने वाहून साठलेल्या कोरड्या मातीत फिरवायला सांगितलं. तुकड्याला काळे केस फुटले. तुम्हीही हे केलं असेल, नाल्यात नाहीतर सीनेच्या वाळूत. तो लोखंडाचा कीस नव्हे. ते मॅग्नेटाइटचे कण, आपल्या काळ्या कातळातून सुटलेले.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला. बाहेर आला तेव्हा हजार अंशांहून अधिक तापलेला, म्हणजे त्यातल्या कणांना कसलीच दिशा नव्हती. मॅग्नेटाइटची मर्यादा 580 अंश. थर निवत निवत तिच्याखाली आला, तेव्हा त्या कणांना दिशा दाखवायला एकच गोष्ट होती: पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र. ते फार क्षीण, फ्रिजवरच्या चुंबकाच्या शंभराव्या हिश्श्याइतकंही नाही. पण कणांनी ते घेतलं आणि धरून ठेवलं.

1950 च्या दशकात लंडनहून ब्लॅकेट यांच्या गटातले शास्त्रज्ञ आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संशोधक दख्खनचे दगड मोजू लागले. त्या कामात सहस्रबुद्धे हे मराठी नावही आहे. दगड कातळातून काढण्याआधी त्यावर उत्तर आणि क्षितिज यांच्या खुणा करायच्या, मग प्रयोगशाळेत त्याची आठवण वाचायची. दोन गोष्टी दिसल्या. सह्याद्रीतले बहुतेक थर उलटे निघाले, म्हणजे ते निवले तेव्हा होकायंत्राची सुई आजच्या दक्षिणेकडे वळली असती. महाबळेश्वरच्या माथ्याकडचे थर मात्र आजच्यासारखे सुलटे. पृथ्वीचे चुंबकी ध्रुव अदलाबदल करतात, आणि ती अदलाबदल आपल्या घाटात थरावर थर लिहिलेली आहे. दुसरी गोष्ट, कणांचा क्षितिजाशी असलेला कल. तो कल अक्षांश सांगतो. दगडांनी सांगितलं की ही भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, 30 अंशांच्या आसपास. आज सोलापूर उत्तरेला साडेसतरा अंशांच्या थोडं पुढे आहे. खंड सरकतात हे जगात पुष्कळांना पटत नव्हतं, त्या काळात आपल्या कातळाने ही साक्ष दिली.

अलिबागचीही गोष्ट इथे सांगायला हवी. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं की रुळांतून वाहणाऱ्या विजेने आपल्या सुया भरकटतील. ओर्स्टेडची सुई वळली तशाच. म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकदम नोंदी घेऊन दुवा जुळवला, आणि 1907 मध्ये ट्राम धावली. अलिबागच्या इमारतीला आजूबाजूचा काळा दगड वापरला नाही. तोच चुंबक, सुईला चळवणार. पोरबंदरहून दगड आणला, आणि धातूचं जे काही लागलं ते तांब्या-पितळेचं. त्या नोंदी आजही चालू आहेत.

चार वाजून गेले होते. स्टार्टरचं झाकण लावून मी मेन स्विच केव्हाच चढवला होता. लाइट आली, पंखा फिरला, मोटर मात्र गप्प होती. थोरल्याने जाऊन हिरवं बटण दाबलं. मग दोघांनी चकतीचे तुकडे खिशात घातले आणि भुईकोट किल्ल्यावर चला म्हणून माझा हात धरला.

तटाजवळ पोचल्यावर धाकटीने दगडाला तुकडा लावून पाहिला. चिकटला नाही. एवढ्याने चिकटत नाही, त्यातले कण विखुरलेले आणि थोडे असतात. पण ते आहेत. खाणीतल्या न हललेल्या कातळात ते सगळे आपली जुनी दिशा राखून आहेत. तटाचे दगड मात्र पाथरवटाने फोडले, घडवले, जसे बसतील तसे फिरवून लावले. त्यामुळे सोलापूरच्या किल्ल्याच्या भिंतीत प्रत्येक दगडाची उत्तर वेगळीकडे आहे.